निरोगी मेंदूंमधला एक अपवाद: हेरॉइन, हायपोक्रेटिन आणि उडालेली झोप

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेरोम सीगल यांच्या प्रयोगशाळेत मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंचे काप तपासण्याचं काम अनेक वर्षं चालू आहे. तिथला मूळ विषय व्यसनाचा नव्हता, नार्कोलेप्सीचा होता. या आजारात माणसाला दिवसाढवळ्या अनावर झोप येते. अनेकांना मोठ्यानं हसताना किंवा अचानक आनंद झाला की अंगातलं त्राण जातं, गुडघे दुमडतात आणि शुद्धीत असूनही ते खाली बसतात. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. 2000 साली थॉमस थन्निकल, सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, या रुग्णांच्या मेंदूत हायपोक्रेटिन तयार करणाऱ्या 85 ते 95 टक्के पेशी दिसतच नाहीत. हायपोक्रेटिन म्हणजेच ओरेक्सिन. 1998 साली दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं, म्हणून नावं दोन. माणसाला जागं ठेवणारं आणि जागेपण टिकवणारं हे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखा छोटा रेणू. निरोगी माणसाच्या अख्ख्या मेंदूत ते तयार करणाऱ्या पेशी जेमतेम 70 हजारांच्या घरात, आणि त्या सगळ्या हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाच्या एका छोट्या पट्ट्यात.

पेशी घटल्या असं म्हणायचं तर तुलनेला निरोगी मेंदू लागतात. मेंदूचा कुठलाही आजार नोंदलेला नाही, अशा माणसांचे. या तुलनेच्या मेंदूंमध्येच एक वेगळा निघाला. त्यात हायपोक्रेटिनच्या पेशी इतर निरोगी मेंदूंपेक्षा 50 टक्क्यांनी जास्त भरल्या.

अशा आकड्याचं काय करायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं. रंग जास्त चढला असेल, काप जाड झाला असेल, मोजणाऱ्याचा हात चुकला असेल, असं म्हणून तो वगळता आला असता. रोग्यांमध्ये पेशी कमी आणि निरोग्यांमध्ये जास्त, हा निष्कर्ष त्यामुळे बिघडणारही नव्हता. इथे मात्र त्या माणसाची माहिती पुन्हा काढली गेली. तो हेरॉइनच्या आहारी गेलेला होता. मेंदूचा आजार नाही, एवढ्यावरून त्याला निरोगी गटात धरलं गेलं होतं.

मग हेरॉइनचं व्यसन असलेल्यांचे मेंदू मुद्दाम मिळवून तपासले, एकूण पाच. सरासरी काढली तर निरोगी मेंदूंपेक्षा 54 टक्के जास्त पेशी. हा अभ्यास जून 2018 मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये छापून आला. पाच मेंदू ही संख्या लहान आहे आणि ते कायम लक्षात ठेवायला हवं. तरीही हे प्रकरण इतकं महत्त्वाचं का, ते मोजणीचे तपशील पाहिल्याशिवाय कळत नाही.

मोजणी कुठे फसवते

हायपोथॅलॅमसचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पक्का करतात, गोठवतात आणि त्याचे साधारण 40 मायक्रॉन जाडीचे काप घेतात. ठरावीक अंतरानं एकेक काप उचलून त्यावर हायपोक्रेटिनला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. मग त्या अँटिबॉडीला धरणारी दुसरी अँटिबॉडी आणि शेवटी रंग. ज्या पेशीत पेप्टाइड पुरेसं आहे ती सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसते. मोजणाऱ्याला काप कोणाचा आहे हे माहीत असता कामा नये. केंद्रक दिसतंय तीच पेशी धरायची, आणि कापांच्या प्रमाणावरून एकूण आकडा काढायचा.

यात गोंधळ होऊ शकेल अशा जागा पुष्कळ. मृत्यूनंतर मेंदू काढायला लागलेला वेळ, फॉर्मॅलिनमध्ये राहिलेले दिवस, अँटिबॉडीची बॅच. यातला कुठलाही फरक आकडा वरखाली करू शकतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पेशीचा आकार. मोठी पेशी जास्त कापांत उमटते, म्हणून ती दोनदा मोजली जाण्याचा संभव जास्त. पेशी फुगल्या असतील, तर संख्या न वाढताही वाढल्यासारखी दिसते.

हेरॉइन घेणाऱ्यांच्या मेंदूत नेमकं उलट होतं. तिथल्या हायपोक्रेटिनच्या पेशी निरोगी मेंदूंतल्या पेशींपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी लहान होत्या. म्हणजे आकारामुळे चूक झालीच असती, तर आकडा कमी दिसला असता. ही एक बाब 54 टक्क्यांच्या आकड्याला जितकं बळ देते, तितकं आणखी दोन-चार मेंदूंनीही दिलं नसतं.

दुसरी तपासणी शेजाऱ्यांची. हायपोथॅलॅमसच्या त्याच भागात मेलॅनिन-कॉन्सन्ट्रेटिंग हॉर्मोन, थोडक्यात एमसीएच, तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांचा संबंध झोपेशी, हायपोक्रेटिनच्या अगदी उलट टोकाचा. रंगात किंवा कापात चूक असती तर त्याही वाढलेल्या दिसायला हव्या होत्या. मॉर्फिन दिलेल्या उंदरांत त्या मोजल्या, संख्या जशीच्या तशी होती.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो मुद्दा. व्यसनानं मेंदूत नव्या पेशी उगवल्या, असं या अभ्यासाबद्दल सांगितलं जातं. ते चूक आहे. नव्या पेशी जन्मल्या का हे तपासलं गेलं, आणि उत्तर ‘नाही’ असं आलं. पेशी आधीपासून तिथेच होत्या. त्यांच्यात पेप्टाइड इतकं कमी होतं की रंग धरत नव्हता. हेरॉइन, मॉर्फिन यांसारखे अफूजन्य पदार्थ बराच काळ मिळाल्यावर साठा वाढला आणि त्या दिसू लागल्या. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं. ते तेव्हा कोणी बांधत नाही, फक्त पातळी बदललेली असते. इथेही पातळी बदलली. म्हणून ‘पेशी वाढल्या’ असं वाचलं की ‘दिसणाऱ्या पेशी वाढल्या’ असंच समजावं.

आधी काय: पेशी की हेरॉइन?

मेंदू मृत्यूनंतर तपासला की एक प्रश्न उरतोच. हेरॉइनमुळे पेशी वाढल्या, की जन्मतः जास्त पेशी असलेलेच हेरॉइनकडे ओढले गेले? माणसात याचं उत्तर मिळवणं अवघड. शिवाय हेरॉइन घेणारा बहुधा सिगारेट ओढतो, इतर पदार्थही घेतो, धड जेवत नाही. यातलं काय नेमकं कशाला कारण, ते वेगळं काढता येत नाही.

म्हणून साध्या, निरोगी उंदरांना मॉर्फिन दिलं. थोडेच दिवस दिलं तर फरक पडला नाही. दीर्घकाळ दिलं, तेव्हा माणसासारखीच वाढ दिसली. मॉर्फिन थांबवल्यावर ती लगेच ओसरलीही नाही, कित्येक आठवडे टिकली. व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पदार्थ रक्तातून गेला, लघवीची तपासणी स्वच्छ आली, तरी मेंदूतली जागं ठेवणारी यंत्रणा वाढीव साठ्यावरच चालू असते.

आणखी एक प्रयोग नार्कोलेप्सीच्या बाजूनं झाला. काही उंदरांच्या जनुकांत असा बदल केलेला असतो की, खाण्यात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक असेतोवर ते धड राहतात. डॉक्सिसायक्लिन बंद केलं की फक्त हायपोक्रेटिनच्या पेशींत घटसर्पाच्या विषाचा एक भाग तयार होतो आणि त्या मरतात. औषध किती दिवस बंद ठेवलं यावर किती पेशी मरतील ते ठरतं. अशा, काही पेशी गमावलेल्या उंदरांना मॉर्फिन दिल्यावर दिसणाऱ्या पेशींची संख्या पूर्ववत झाली. नार्कोलेप्सी झालेल्या उंदरांची कॅटाप्लेक्सीही कमी झाली. कोडीनसारख्या औषधांनी नार्कोलेप्सीच्या काही रुग्णांना बरं वाटल्याच्या नोंदी 1980च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, त्यामागचं एक संभाव्य कारण इथे सापडतं. यावरून नार्कोलेप्सीच्या रुग्णानं स्वतःच्या मनानं कोडीनचं कफ सिरप किंवा ट्रॅमाडॉल सुरू करायचं, असा अर्थ कोणीही काढू नये.

झोपेच्या यंत्रणेचा सुखाशी काय संबंध?

हायपोक्रेटिनच्या पेशींचे धागे मेंदूत दूरवर जातात. आपल्याला इथे दोन टोकं महत्त्वाची. एक, मध्यमेंदूतला व्हीटीए (व्हेंट्रल टेगमेंटल एरिया) हा भाग, जिथून डोपामिन सुटतं आणि एखादी गोष्ट पुन्हा हवीशी वाटते. दुसरं, लोकस सेरुलियस हे नॉरॲड्रेनलिनचं केंद्र. ते छाती धडधडवतं, घाम आणतं, माणसाला सावध ठेवतं.

ही यंत्रणा नुसती जागं ठेवत नाही, कशासाठी तरी जागं ठेवते. 2013 साली सीगल यांच्याच गटानं मिरगीच्या शस्त्रक्रियेआधी मेंदूत तारा बसवलेल्या आठ रुग्णांत अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाजवळचं हायपोक्रेटिन मोजलं. ते सर्वांत जास्त वाढलं ते आनंदात, रागात आणि लोकांशी बोलताना-मिसळताना. एमसीएच वाढलं ते झोप लागताना.

उंदरांवरचे प्रयोग याला जोडून पाहावेत. 2003 साली जॉर्जेस्कू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, ज्या उंदरांत ओरेक्सिन तयारच होत नाही, त्यांना मॉर्फिन तोडल्यावरचा त्रास कमी होतो. ओरेक्सिनच्या बऱ्याच पेशींवर म्यू रिसेप्टर, म्हणजे अफूजन्य पदार्थ जिथे चिकटतात त्या जागा, असतात; म्हणून मॉर्फिन त्यांना थेट हात लावू शकतं. 2005 साली हॅरिस, विमर आणि ॲस्टन-जोन्स यांनी दोन कप्प्यांची पेटी वापरली. एका कप्प्यात मॉर्फिन मिळतं, दुसऱ्यात नाही. नंतर काहीही न देता उंदीर सोडला, तर तो मॉर्फिनच्या कप्प्यात किती वेळ बसतो ते मोजायचं. ज्यांची ओढ जास्त, त्यांच्या ओरेक्सिनच्या पेशी जास्त पेटलेल्या. आणि माणसांतला जुना अनुभव असा की, नार्कोलेप्सीचे रुग्ण वर्षानुवर्षं ॲम्फेटामिनसारखी उत्तेजक औषधं घेतात, तरी त्यांच्यात व्यसन क्वचितच दिसतं.

इथे एक कोडं पडतं. हेरॉइन घेतल्यावर तर झापड येते. मग ते जागं ठेवणाऱ्या पेशी वाढवतं कसं? पदार्थ अंगात असताना तो या पेशींना दाबून ठेवतो. रंगलेल्या कापात दिसतो तो पेशीतला साठा, बाहेर किती सुटतं ते दिसत नाही. साठा वाढलेला आणि वरून दाब, अशी ती अवस्था. पदार्थ थांबला की दाब जातो, साठा मात्र तसाच असतो. या सगळ्या पुराव्यांची सांगड घालणारं हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण वाटतं. गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, सोडलेल्या माणसाच्या रात्रीशी ते तंतोतंत जुळतं.

टर्कीतली रात्र

व्यसनमुक्ती केंद्रांत पदार्थ तोडल्यावरच्या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. गर्द किंवा ब्राउन शुगरच्या शेवटच्या मात्रेनंतर 6 ते 12 तासांत ती सुरू होते. जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हातपाय ओढणं. जोर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त. आठवडा-दहा दिवसांत जुलाब-उलट्या थांबतात, रुग्ण जेवू लागतो, घरच्यांना वाटतं सुटला. झोप मात्र त्या वेळापत्रकानं परतत नाही. ती आठवडे, कधी महिने बिघडलेली राहते. रुग्ण सांगतो, ‘अंग थकलंय, पण डोकं बंद होत नाही.’

त्या तक्रारीला घरी आणि अनेकदा दवाखान्यातही ‘होईल हळूहळू’ असं उत्तर मिळतं. हे प्रकरण त्या उत्तराच्या विरोधात पुरावा देतं. रात्री डोकं बंद न होणं आणि पदार्थाची आठवण उसळणं या दोन वेगळ्या तक्रारी नसाव्यात, एकाच यंत्रणेची दोन टोकं असावीत. लोकस सेरुलियसमध्येही दीर्घकाळच्या अफूजन्य पदार्थांनी बदल होतात, हे सीगल यांच्या गटानं 2022 मध्ये दाखवलं. क्लोनिडिन हे मुळात रक्तदाबाचं औषध टर्कीत घाम, धडधड आणि अस्वस्थता कमी करतं, पण झोप आणि ओढ यांना फारसं पुरत नाही, याचा मेळ इथे बसतो. ते नॉरॲड्रेनलिनचा एक पदर धरतं, वरचा हायपोक्रेटिनचा पदर सुटाच राहतो.

भारतात हा प्रश्न लहान नाही. एम्सच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य पदार्थ घेणारे 2.06 टक्के, म्हणजे सुमारे 2.26 कोटी लोक आढळले. त्यात हेरॉइन घेणारे 1.14 टक्के, तर वेदनाशामक गोळ्या-सिरप अशी औषधं घेणारे 0.96 टक्के.

हायपोक्रेटिन अडवलं तर?

अडवणारी औषधं निद्रानाशासाठी आधीच तयार होती. अमेरिकेत सुव्होरेक्संटला 2014, लेम्बोरेक्संटला 2019 आणि डॅरिडोरेक्संटला 2022 साली मान्यता मिळाली. तिन्ही ओरेक्सिनचे दोन्ही रिसेप्टर अडवतात. बेन्झोडायझेपीन गटातल्या नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांप्रमाणे ती सगळ्या मेंदूवर गुंगी पांघरत नाहीत, फक्त जागेपणाचा रेटा कमी करतात.

2022 साली जॉन्स हॉपकिन्सच्या अँड्र्यू ह्यून आणि सहकाऱ्यांनी सुव्होरेक्संट थेट टर्कीत वापरून पाहिलं. अफूजन्य पदार्थांचं व्यसन असलेले 38 जण, ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन (हेरॉइनच्या जागी दिलं जाणारं उपचाराचं औषध) चार दिवसांत कमी करत बंद, सोबत रात्री सुव्होरेक्संट 20 किंवा 40 मिलिग्रॅम किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. औषध घेणाऱ्यांची झोप वाढली, टर्कीची लक्षणं आणि ओढ प्लासिबोपेक्षा कमी राहिली. निद्रानाशासाठी मंजूर असलेली कमाल मात्रा 20 मिलिग्रॅम आहे, 40 ही प्रयोगातली मात्रा होती. 2024 मध्ये सीगल यांच्या गटानं उंदरांना मॉर्फिनसोबतच सुव्होरेक्संट दिलं. हायपोक्रेटिनच्या पेशींतली वाढ रोखली गेली, मॉर्फिनचं वेदना शमवण्याचं काम मात्र कायम राहिलं. शस्त्रक्रियेनंतर किंवा कर्करोगात ज्यांना मॉर्फिन द्यावंच लागतं त्यांच्यासाठी हा निकाल फार आशादायक आहे. पण तो उंदरांतला आहे, आणि त्यावरून आज कोणाचं प्रिस्क्रिप्शन बदलू नये.

मेलाटोनिनचं काय, असा प्रश्न येतोच. ते सहज मिळतं. पंजाब विद्यापीठातल्या राघवेंद्र आणि कुलकर्णी यांनी 1999 सालीच उंदरांत मेलाटोनिन मॉर्फिनची सवय आणि अवलंबित्व कमी करतं, असं दाखवलं होतं. पण मेलाटोनिन शरीराला रात्र झाल्याचं सांगतं, जागेपणाचा रेटा ते अडवत नाही. झोपेची वेळ उलटीपालटी झालेल्या रुग्णाला ती वेळ जाग्यावर आणायला त्याची मदत होऊ शकते. टर्कीतल्या निद्रानाशासाठी त्याच्यावर विसंबून राहणं मात्र बरोबर नाही.

वॉर्डात याचा उपयोग

झोपेसाठी औषध शोधण्याआधी ब्युप्रेनॉर्फिनची मात्रा पुरेशी आहे का, हे पाहायचं. पहाटे तीन-चारला जांभया, घाम आणि पाय ओढणं घेऊन जाग येत असेल, तर ती बहुधा अपुऱ्या मात्रेची जाग असते. सुरुवातही घाईनं करू नये. हेरॉइनच्या शेवटच्या मात्रेला किमान 12 तास झालेले असावेत, टर्कीची लक्षणं स्पष्ट दिसत असावीत, कॉव्ज (टर्कीच्या लक्षणांना गुण देणारी) मोजपट्टीवर 8 ते 12 किंवा त्याहून जास्त. मग 2 ते 4 मिलिग्रॅम जिभेखाली. गोळी गिळली तर काम होत नाही, ती पूर्ण विरघळेपर्यंत पाणीही द्यायचं नाही. लवकर दिली, तर ब्युप्रेनॉर्फिन हेरॉइनला रिसेप्टरवरून ढकलून देतं आणि एकदम जोराची टर्की उसळते. त्या रात्रीनंतर रुग्ण पुन्हा केंद्रात यायलाच घाबरतो.

झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम ही बेन्झोडायझेपीन देण्याची सवय सर्वांत घातक. अफूजन्य औषध आणि बेन्झोडायझेपीन एकत्र आले की श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2016 साली या जोडीबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दीर्घकाळ अफूजन्य औषध घेणाऱ्यांत झोपेतला श्वास मधूनमधून थांबण्याचा त्रासही आढळतो. घोरणं, रात्री गुदमरून उठणं, सकाळी डोकं दुखणं असेल, तर कुठलंही झोपेचं औषध लिहिण्याआधी त्याची तपासणी हवी.

सुव्होरेक्संट लिहिलंच, तर 10 मिलिग्रॅमनं सुरुवात. झोपण्याआधी अर्ध्या तासाच्या आत, आणि पुढे किमान सात तास अंथरुणात असतील तेव्हाच. जेवल्या-जेवल्या घेतलं तर परिणाम उशिरा होतो. ते शरीरातून निम्मं जायला साधारण 12 तास लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवताना झोप येऊ शकते. नार्कोलेप्सी असलेल्यांना ते देत नाहीत, हायपोक्रेटिन तिथे आधीच संपलेलं असतं. फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध चालू असेल तर मात्रा 5 मिलिग्रॅमवर आणावी लागते. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकासोबत सुव्होरेक्संट टाळतात. आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या वॉर्डात टीबीचे रुग्ण नेहमीच असतात. टीबीवरचं रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा इतकी वेगवान करतं की सुव्होरेक्संटचा परिणामच उरत नाही. ब्युप्रेनॉर्फिनही त्याच वाटेनं लवकर संपतं, आणि टीबीचं औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत रुग्णाला पुन्हा टर्की येऊ शकते. त्याला ‘नाटक करतोय’ म्हणण्याआधी औषधांची यादी बघा.

चार्टवर झोपेचे तास आणि ओढ एकाच पानावर शेजारी लिहा: किती वाजता लागली, किती वेळा मोडली, सकाळी पदार्थाची ओढ शून्य ते दहामध्ये किती. डिस्चार्जनंतरही हे पान घरच्यांकडे चालू राहू द्या, कारण आठवडे टिकणारा साठा घरी गेल्यावरच त्रास देतो. सलग दोन-तीन रात्री झोप तुटली आणि ओढीचा आकडा चढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्राला फोन करायचा. गर्द काही आठवडे बंद ठेवलेल्या माणसानं ते जुन्याच मात्रेत घेतलं तर श्वास थांबू शकतो. सवय उतरलेली असते, अंदाज मात्र जुनाच असतो.